घराजवळचं परवडणारं कॉलेज आणि गुणांवर मिळणारी शिष्यवृत्ती: मुंबईत कसं शोधायचं

बारावीचा निकाल लागला की मुंबईत पहिला प्रश्न असतो, कुठल्या कॉलेजची यादी कितीला बंद झाली. फी किती, ती भरायची कशी आणि मिळालेल्या टक्क्यांचा त्यात काही उपयोग होतो का, हे पावती हातात पडल्यावर सुचतं. तोवर उशीर झालेला असतो. प्रवेश कुठल्या अभ्यासक्रमाला आणि कोणत्या मार्गाने घेतला, यावर शिष्यवृत्तीचे निम्मे नियम ठरतात. म्हणून आधी जागा शोधा, शिष्यवृत्ती नंतर.

एकाच जिन्यावर दोन दर

मुंबईतल्या बहुतेक जुन्या कॉलेजांत एकाच इमारतीत दोन वेगळे दर चालतात. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.चे जुने वर्ग अनुदानित असतात. प्राध्यापकांचा पगार सरकार देतं, त्यामुळे वर्षाची फी काही हजारांत भागते. त्याच मजल्यावरचे बीएमएस, मास मीडिया, अकाउंटिंग अँड फायनान्स, बी.एस्सी. आयटी हे वर्ग विनाअनुदानित, म्हणजे ज्यांना सगळे सेल्फ फायनान्स म्हणतात. तिथे सगळा खर्च विद्यार्थ्यांच्या फीतून निघतो आणि आकडा कितीतरी पटींनी वाढतो. गोंधळ इथेच होतो. बी.कॉम.च्याही काही तुकड्या विनाअनुदानित असतात, आणि यादीत नाव कुठल्या तुकडीत लागलंय हे घाईत कुणी बघत नाही. फॉर्म भरण्याआधी कॉलेजच्या कार्यालयात सरळ विचारा: "ही तुकडी अनुदानित आहे का?" माहितीपत्रकात अनुदानित आणि विनाअनुदानित जागा वेगळ्या छापलेल्या असतात, त्याही पाहून घ्या.

चांगल्या टक्क्यांचा सगळ्यात मोठा फायदा इथेच होतो. अनुदानित जागा गुणवत्ता यादीने भरतात, त्यामुळे तिथे लागलेलं नाव ही तुमची पहिली शिष्यवृत्ती. तिला ना अर्ज लागतो, ना उत्पन्नाचा दाखला.

जवळचं कॉलेज शोधताना नकाशा उघडण्यापेक्षा लोकलची लाइन धरा. मध्य रेल्वेवर राहणाऱ्यांना माटुंग्याचं रुईया आणि पोदार, मुलुंडचं वझे-केळकर, ठाण्याचं जोशी-बेडेकर ही नावं माहीत असतात. पश्चिमेला दादरचं कीर्ती, माटुंगा रोडचं रुपारेल, पार्ल्याची साठ्ये आणि डहाणूकर, गोरेगावचं पाटकर-वर्दे. यादीत सहसा जी सुटतात ती सरकारी कॉलेजं. जोगेश्वरीचं इस्माईल युसूफ, फोर्टातलं एल्फिन्स्टन, चर्चगेटजवळचं सिडनहॅम आणि शासकीय विधी महाविद्यालय, इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स. यातली एल्फिन्स्टन, सिडनहॅम आणि इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स २०१९ पासून डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठात आहेत, त्यामुळे त्यांची प्रवेशप्रक्रिया मुंबई विद्यापीठाच्या प्रक्रियेपासून वेगळी पाहावी लागते. मुलींसाठी एसएनडीटीची चर्चगेट आणि जुहूची संकुलं आहेत. स्वायत्त झालेल्या कॉलेजांचे फॉर्म आणि तारखा आपापल्या असतात. विद्यापीठाची पूर्वनोंदणी केली म्हणजे सगळीकडे अर्ज गेला, असं समजू नका.

कॉलेज निवडताना फीचा एकच आकडा बघू नका, वर्षाचा निव्वळ खर्च काढा. एकूण फी, लोकलचा पास आणि पुस्तकं-जर्नल्स यांची बेरीज करा आणि तीतून परत न करायची मदत वजा करा. समजा, अनुदानित बी.एस्सी.ची फी आठ हजार आणि पुस्तकं-पास मिळून पाच हजार आहे. त्यावर १२,००० रुपयांची केंद्रीय शिष्यवृत्ती मिळाली, तर वर्ष हजार रुपयांत निघतं. तीच शिष्यवृत्ती चाळीस हजारांच्या सेल्फ फायनान्स कोर्सला मिळाली, तरी घरातून तेहतीस हजार जातातच. पासाचं गणित सोपं आहे. कॉलेजमधून कन्सेशन फॉर्म घेतला की घराच्या स्टेशनपासून कॉलेजच्या स्टेशनपर्यंतचा पास निम्म्या दरात मिळतो. बदलापूर किंवा विरारहून दक्षिण मुंबईत जायचं असेल, तर पैशांपेक्षा रोजचे तीन-साडेतीन तास महाग पडतात. प्रॅक्टिकल्स असलेल्या विद्यार्थ्याने हे मनावर घ्यावं, कारण पुढे हजेरीची अट आडवी येते.

पावती वाचायला शिका

फीच्या पावतीवर पंधरा-वीस शीर्षं असतात: शिक्षण शुल्क, ग्रंथालय, प्रयोगशाळा, जिमखाना, परीक्षा, विकास निधी, ओळखपत्र, अनामत. सरकारी फी-परतावा योजना मुख्यतः शिक्षण शुल्कावर चालतात. अनुदानित बी.ए. किंवा बी.कॉम.च्या पावतीवर हेच शीर्ष लहान असतं, मोठी असतात ती बाकीची. म्हणून "५० टक्के फी माफ" ऐकून आनंदाने फॉर्म भरणाऱ्याच्या हाती अनुदानित कॉलेजात काहीशे रुपयेच पडतात. अशा विद्यार्थ्याने खात्यावर रोख जमा करणाऱ्या गुणवत्ता शिष्यवृत्तीच्या मागे लागावं. व्यावसायिक अभ्यासक्रमांत उलट असतं. तिथे शिक्षण शुल्क हेच मोठं शीर्ष, त्यामुळे फी-परतावाच खरा उपयोगी. हा फरक एकदा लक्षात आला की कोणत्या योजनेवर किती वेळ घालवायचा हे आपोआप कळतं. आणि अनामत परत मिळते. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी ती मागायला बहुतेक जण विसरतात.

८० पर्सेंटाइल म्हणजे ८० टक्के नव्हे

साध्या पदवीच्या हुशार विद्यार्थ्याला सगळ्यात कामाची योजना म्हणजे केंद्र सरकारची पीएम-यूएसपी केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्ती. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत वर्षाला १२,००० रुपये आणि पदव्युत्तरला वर्षाला २०,००० रुपये मिळतात. देशभरात दरवर्षी ८२,००० नव्या शिष्यवृत्त्या दिल्या जातात, त्यातल्या निम्म्या मुलींसाठी. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ४.५ लाखांपर्यंत असावं आणि कोर्स नियमित असावा. दूरशिक्षण आणि डिप्लोमा यात बसत नाहीत.

गुणांची अट आहे ती पर्सेंटाइलची. तुमच्या बोर्डात, तुमच्या शाखेत उत्तीर्ण झालेल्यांपैकी वरच्या २० टक्क्यांत तुम्ही असायला हवं. ही गुणांची रेषा, म्हणजे कट-ऑफ, विज्ञान, वाणिज्य आणि कला यांसाठी वेगळी असते आणि निकालानुसार दरवर्षी हलते. ७४ टक्क्यांचा विद्यार्थी "आपल्याला ८० नाहीत" म्हणून अर्जच करत नाही, ही इथली नेहमीची चूक. आपल्या शाखेची रेषा बोर्डाकडून बघा, मग ठरवा. रेषेच्या वर असणं म्हणजे शिष्यवृत्ती मिळालीच असंही नाही. राज्याचा कोटा ठरलेला असतो आणि त्यात गुणवत्तेनेच निवड होते.

अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर करायचा. आधी एकदाच करायची नोंदणी, म्हणजे ओटीआर. त्यासाठी आधार, आधारला जोडलेला मोबाइल आणि चेहरा पडताळणीसाठी बरा कॅमेरा असलेला फोन लागतो. अंधाऱ्या खोलीत ही पडताळणी पुन्हा पुन्हा फसते, खिडकीजवळ बसून करा. ओटीआर क्रमांक मिळाला की तो वहीत लिहून ठेवा, पुढच्या सगळ्या वर्षांना तोच लागतो. फॉर्ममध्ये कॉलेज निवडताना जिल्हा नीट बघा. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत मुंबई शहर जिल्हा, वांद्रे-कुर्ल्यापासून पुढे मुंबई उपनगर. माटुंग्याचं कॉलेज उपनगरच्या यादीत शोधून "आमचं कॉलेज पोर्टलवरच नाही" म्हणणारे दरवर्षी भेटतात. वसई-विरार २०१४ पासून पालघर जिल्ह्यात, वाशी-नेरूळ ठाण्यात आणि खारघर-पनवेल रायगडमध्ये आहे.

अर्ज सादर केल्यावर तो आधी कॉलेजच्या नोडल अधिकाऱ्याकडे जातो. त्याने ठरलेल्या मुदतीत तपासून पुढे पाठवला नाही, तर तुमचं काहीही चुकलेलं नसताना अर्ज बाद होतो. म्हणून अर्जाची छापील प्रत आणि कागदांच्या झेरॉक्स घेऊन तीन-चार दिवसांत कार्यालयात जा, आणि पोर्टलवरची स्थिती बदलली का हे आठवड्याने पुन्हा बघा. साधारण जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत हे काम चालतं, पण वर्षागणिक तारखा सरकतात.

सगळ्यात महत्त्वाची अट आधीच सांगितलेली बरी. दुसरी सरकारी शिष्यवृत्ती, फी माफी किंवा फी-परतावा घेत असाल, तर ही मिळत नाही. दोन्हीकडे अर्ज करून "जे येईल ते घेऊ" हा बेत अंगाशी येतो, कारण आधारवरून दोन्ही योजना एकमेकींना दिसतात. पावती समोर ठेवून कोणती रक्कम मोठी ते बघा आणि एकच निवडा.

विज्ञानवाल्यांनो, थांबा

तुमचे गुण बोर्डात वरच्या एक टक्क्यात असतील आणि तुम्ही बी.एस्सी. भौतिक, रसायन, गणित, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, सांख्यिकी किंवा मायक्रोबायोलॉजी अशा मूळ विज्ञानात जाणार असाल, तर केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची इन्स्पायर शिष्यवृत्ती बघा. वर्षाला ८०,००० रुपये, त्यातले ६०,००० खात्यावर आणि २०,००० उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी. आयटी किंवा कम्प्युटर सायन्सची बी.एस्सी. यात धरत नाहीत, इंजिनीअरिंग तर नाहीच. घरापासून वीस मिनिटांवरच्या अनुदानित कॉलेजात रसायनशास्त्र घेऊन ही शिष्यवृत्ती मिळवणं, याहून चांगला पैशांचा सौदा मुंबईत दुसरा नाही. तरीही ९३-९४ टक्क्यांची मुलं शेजाऱ्यापाजाऱ्यांचं ऐकून कुठल्यातरी मॅनेजमेंट कोट्याची फी भरतात, हे बघवत नाही.

इंजिनीअरिंग आणि डिप्लोमा: टीएफडब्ल्यूएसचा कोड

तंत्रशिक्षणात गुणवत्तेवर फी माफ करून घेण्याचा रस्ता प्रवेशाच्या फॉर्ममध्येच असतो. एआयसीटीई, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या मान्यतेच्या कॉलेजांत ५ टक्के जादा जागा टीएफडब्ल्यूएस, म्हणजे शिक्षण शुल्क माफी योजनेच्या असतात. अट तीन गोष्टींची: कॅप, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या फेरीत गुणवत्ता, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत आणि महाराष्ट्राचं अधिवास. पर्याय भरताना या जागांचा कोड वेगळा असतो, शेवटी टी अक्षर असतं. तो कोड भरलाच नाही, तर जागा मिळण्याचा प्रश्नच नाही. यादीत आपल्याला हवी ती शाखा टी कोडसकट वर ठेवा आणि त्याच कॉलेजचा साधा कोड लगेच खाली ठेवा. टी कोडची रेषा सहसा साध्या कोडपेक्षा वरच जाते, कारण सगळ्यांनाच तो हवा असतो. आणि एकदा ही जागा घेतली की शाखा किंवा कॉलेज बदलून मिळत नाही. इतर शुल्क भरावं लागतंच, माफी असते ती फक्त शिक्षण शुल्काला.

मुलींसाठी आणखी दोन दारं उघडी आहेत. एआयसीटीईची प्रगती शिष्यवृत्ती पदवी किंवा डिप्लोमाच्या पहिल्या वर्षात प्रवेश घेतलेल्या मुलींना वर्षाला ५०,००० रुपये देते. उत्पन्न मर्यादा ८ लाख, आणि एका घरातल्या दोन मुलींपर्यंत ती मिळू शकते. दुसरं, जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आर्थिक दुर्बल घटक (ईडब्ल्यूएस), सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास (एसईबीसी) आणि ओबीसी गटातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ आहे. इथेही कॅपमधूनच प्रवेश हवा. व्यवस्थापन कोटा आणि खासगी अभिमत विद्यापीठं यात येत नाहीत. कॅपमध्ये नको ती शाखा मिळाली म्हणून त्याच कॉलेजात व्यवस्थापन कोट्यातून हवी ती शाखा घेणाऱ्याने, हे सगळे फायदे आपण त्याच दिवशी सोडले, हे धरून चालावं.

डिप्लोमाकडे मुंबईत उगाच नाक मुरडलं जातं. वांद्र्याच्या शासकीय तंत्रनिकेतनाची वर्षाची फी खासगी इंजिनीअरिंग कॉलेजपेक्षा कितीतरी कमी. शासकीय तंत्रनिकेतनांत शिकणाऱ्यांसाठी के. सी. महिंद्रा एज्युकेशन ट्रस्टची शिष्यवृत्ती आहे, तीन वर्षं दरवर्षी १०,००० रुपये. दहावीला ६० टक्क्यांच्या वर गुण आणि मुलाखत. तिथे फीचा प्रश्न जवळपास संपतो.

महाडीबीटी: जिथे अडतं ते

राज्याच्या जवळजवळ सगळ्या शिष्यवृत्त्या आणि फी-परतावा महाडीबीटी या एकाच सरकारी पोर्टलवर येतात. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, मागास प्रवर्गांच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्त्या, वसतिगृह भत्ता, आणि उच्च शिक्षण विभागाच्या काही जुन्या गुणवत्ता योजना. या शेवटच्यांच्या रकमा अजून जुन्याच काळातल्या आहेत, त्यांच्यावर फार वेळ घालवू नका. अकरावी-बारावीतल्या अनुसूचित जाती, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या विद्यार्थ्यांनी मात्र एक नक्की भरावी. दहावीला ७५ टक्के किंवा जास्त असतील, तर राजर्षी शाहू महाराज गुणवत्ता शिष्यवृत्तीचे महिना ३०० रुपये दहा महिने मिळतात. रक्कम लहान आहे, पण अनुदानित ज्युनिअर कॉलेजच्या खर्चात तिचा आधार होतो.

प्रोफाइल भरताना वैयक्तिक माहिती, पत्ता, सध्याचा कोर्स, आधीचं शिक्षण अशी पानं येतात. आधीच्या शिक्षणात दहावीपासून सगळं भरा, एखादं वर्ष सुटलं की पात्र योजनांची यादी रिकामी दिसते आणि लोकांना वाटतं आपण अपात्र आहोत. प्रवेशाचा प्रकार "कॅप" की "संस्था स्तर" हे चुकीचं निवडलं तरी तसंच होतं. कागद २५६ केबीच्या आत बसवावे लागतात. मोबाइलने काढलेला फोटो त्याच्या दहा-वीसपट मोठा असतो. तो लहान करताना अक्षरं पुसट झाली, तर कॉलेजचा लिपिक अर्ज परत पाठवतो. काळ्या-पांढऱ्यात स्कॅन केलं की दोन्ही साधतं.

अर्ज आधी लिपिकाकडे, मग प्राचार्यांकडे आणि मग विभागाकडे जातो. "परत पाठवला" असा शेरा आला, तर तो फक्त लॉगिनमध्ये दिसतो, त्याचा मेसेज येईलच याची खात्री नाही. त्यामुळे दर आठवड्याला लॉगिन करा. सायबर कॅफेतून फॉर्म भरला असेल, तर मोबाइल क्रमांक स्वतःचाच दिला आहे ना, हे तिथेच तपासा. कॅफेवाल्याने सोयीसाठी आपला क्रमांक टाकला, तर पुढच्या वर्षी ओटीपीसाठी त्याच्या दुकानाचे खेटे घालावे लागतात. महाडीबीटी आणि राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टल, दोन्हीकडे अर्जाला फी नाही. कुणी "पास करून देतो" म्हणून पैसे मागितले, तर तिथेच नमस्कार करा.

पैसे खात्यावर न येण्याचं सगळ्यात मोठं कारण मात्र फॉर्ममध्ये नसतं, ते बँकेत असतं. रक्कम आधार क्रमांकावर जाते आणि ज्या बँकेत आधार शेवटचं जोडलं गेलंय, त्याच खात्यात पडते. फॉर्ममध्ये तुम्ही कुठलाही खाते क्रमांक लिहिलात तरी फरक पडत नाही. शाळेत असताना उघडलेलं खातं आता निष्क्रिय असेल, तर रक्कम परत जाते. माझे आधार संकेतस्थळावर बँक सीडिंग, म्हणजे आधार कुठल्या बँकेशी जोडलंय, ते दोन मिनिटांत दिसतं. अर्ज करण्याच्या आधी बघा, नंतर नाही. घोळ असेल, तर पोस्टात इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं उघडून त्याला आधार जोडून घेणं हा सोपा मार्ग आहे.

दाखले आणि ते कुठे मिळतात

उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, जात पडताळणी, नॉन-क्रीमी लेयर किंवा ईडब्ल्यूएस यांपैकी काय लागणार, ते योजनेवर ठरतं. उत्पन्नाचा दाखला बहुतेक योजनांना लागतो. अर्ज आपले सरकार पोर्टलवर किंवा सेतू केंद्रात करता येतो. उपनगरात अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला ही तीन तहसील कार्यालयं आहेत. मुंबई शहराचं काम फोर्टातल्या जुन्या जकात घरात, जिल्हाधिकारी कार्यालयातून चालतं. निकालानंतरच्या महिन्यात तिथे तोबा गर्दी उसळते, म्हणून एप्रिलमध्येच अर्ज करा. मार्चमध्ये काढलेला दाखला ३१ मार्चला संपणारा निघाला, तर पुन्हा पहिल्यापासून रांग. दाखल्यावरची मुदतीची ओळ वाचल्याशिवाय खिडकी सोडू नका.

आईवडील दोघंही कमावत असतील, तर दोघांचंही उत्पन्न धरलं जातं. वडिलांचा फॉर्म १६ लावला आणि आईच्या शिलाईच्या किंवा डब्याच्या कमाईबद्दल गप्प बसलात, तर पडताळणीत ते निघू शकतं. ज्यांचं रेशनकार्ड अजून कोकणातल्या गावच्या पत्त्यावर आहे, त्यांनी दाखला गावातून काढायचा की मुंबईतून हे आधी ठरवावं. राहण्याचा पुरावा जिथला, दाखलाही तिथलाच निघतो. अर्जातला पत्ता, आधारवरचा पत्ता आणि दाखल्यावरचा पत्ता तीन ठिकाणचे असले, की तपासणीत अडकतं. नावांचंही तेच. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर नाव आधी आणि बँकेत फक्त आद्याक्षर, असं मुंबईत सर्रास आढळतं. आधार दुरुस्त करायला वेळ लागतो, म्हणून अकरावीतच ते उरकून घ्या.

पगाराच्या चिठ्ठीत दडलेली शिष्यवृत्ती

वडील किंवा आई एखाद्या कंपनीत, दुकानात किंवा कारखान्यात नोकरी करत असतील, तर जून आणि डिसेंबरच्या पगाराची चिठ्ठी काढून बघा. एमएलडब्ल्यूएफ नावाची लहानशी कपात दिसते का? ती महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाची वर्गणी. ती जात असेल, तर मुलांसाठी मंडळाच्या शिष्यवृत्तीला अर्ज करता येतो. पाच-दहा वर्षं वर्गणी भरूनही याची कल्पना नसलेली घरं मुंबईत खूप आहेत. बांधकामावर काम करणाऱ्यांसाठी वेगळं मंडळ आहे. नोंदणी जिवंत असलेल्या कामगाराच्या पहिल्या दोन मुलांना पदवीसाठी वर्षाला २०,००० रुपये मिळतात, आणि दहावी-बारावीत किमान ५० टक्के गुण असतील तर १०,००० रुपये. नोंदणीचं नूतनीकरण चुकलं की सगळंच थांबतं. माथाडी, रेल्वे, बेस्ट आणि बंदरात काम करणाऱ्यांनी आपल्या युनियनच्या कार्यालयात चौकशी करावी.

ट्रस्ट आणि ज्ञातिसंस्था

गिरगाव, दादर, परळ आणि फोर्ट या भागांत जुन्या धर्मादाय ट्रस्टची आणि ज्ञातिसंस्थांची कार्यालयं आहेत. रकमा दोन हजारांपासून पंचवीस हजारांपर्यंत कितीही असू शकतात. ट्रस्टची जाहिरात क्वचितच होते. अर्ज साधारण जून-जुलैत मिळतो आणि ठरावीक दिवशी ठरावीक वेळेतच घेतला जातो. सोबत फीची मूळ पावती, दोन वर्षांच्या गुणपत्रिका, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड आणि प्राचार्यांचं पत्र जोडावं. ज्ञातिसंस्थेत बहुतेकदा घरातलं कुणीतरी सभासद असणं लागतं. गुणगौरव समारंभात मिळणारं पाकीट वेगळं आणि शिक्षणसहाय्य वेगळं, त्यामुळे दोन्हींचा अर्ज मागा. आर. डी. सेठना स्कॉलरशिप फंडासारखे काही ट्रस्ट कर्जरूपाने मदत करतात. ती परत करावी लागते, म्हणून निव्वळ खर्चाच्या हिशेबात ती वजा करू नका.

कॉलेजच्या आतही पैसे असतात. माजी विद्यार्थ्यांच्या ठेवींच्या व्याजातून दिली जाणारी पारितोषिकं, विद्यार्थी सहाय्य निधी, पुस्तकपेढी, कमवा आणि शिका. माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानांवर ती छापलेली असतात, पण अर्ज नाही तर मदतही नाही. काही पारितोषिकांना एखाद्या वर्षी अर्जच येत नाही. विभागप्रमुखांना ऑगस्टमध्ये एकदा भेटून विचारा, एवढंच काम.

उद्योगांच्या शिष्यवृत्त्यांत रिलायन्स फाउंडेशनची पदवी शिष्यवृत्ती मोठी आहे. देशभरात ५,००० विद्यार्थी, पूर्ण पदवीकाळात २ लाख रुपयांपर्यंत, बारावीला किमान ६० टक्के आणि उत्पन्न १५ लाखांच्या आत. अडीच लाखांच्या आत असेल, तर प्राधान्य. फक्त पहिल्या वर्षातच अर्ज करता येतो आणि ऑनलाइन अभियोग्यता चाचणी द्यावी लागते. चाचणी वेळेत सुरूच न करणारे बरेच असतात, कारण मेल स्पॅममध्ये पडलेला असतो.

अजून शाळेत असलेल्यांसाठी

घरात आठवीतलं मूल असेल आणि ते सरकारी, महापालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत असेल, तर एनएमएमएस, म्हणजे केंद्राच्या गुणवत्ता शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवा. सातवीला ५५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५० टक्के आणि उत्पन्न ३.५ लाखांपर्यंत, एवढीच अट. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये. अकरावीला ती चालू ठेवायची तर दहावीला ६० टक्के हवेत आणि ज्युनिअर कॉलेजही अनुदानित किंवा सरकारीच हवं. नेमकं इथेच चुकतं. दहावीला ८५ टक्के मिळालेला विद्यार्थी विनाअनुदानित तुकडीत प्रवेश घेतो आणि दोन वर्षांचे २४,००० रुपये सोडून देतो. मराठा आणि कुणबी समाजातलं मूल परीक्षा उत्तीर्ण झालं पण अंतिम निवड यादीत आलं नाही, तर सारथी संस्थेची शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ९,६०० रुपये. ती आपोआप मिळत नाही, शाळेमार्फत अर्ज करावा लागतो.

दुसऱ्या वर्षी

बहुतेक शिष्यवृत्त्या पहिल्या वर्षी मिळतात आणि दुसऱ्या वर्षी निसटतात. केंद्रीय शिष्यवृत्तीच्या नूतनीकरणाला वार्षिक परीक्षेत किमान ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते, आणि नूतनीकरणाचा अर्ज दरवर्षी वेगळा करावा लागतो. एटीकेटी लागली तर प्रत्येक योजनेचा नियम निराळा, म्हणून "चालतंय" असं गृहीत धरू नका. निकाल उशिरा लागला आणि गुणपत्रिका हातात नसेल, तर कॉलेजकडून निकालाचं पत्र शिक्क्यासह घ्या आणि मुदतीच्या आत अर्ज टाका. एका प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये प्रत्येक वर्षाची फीची पावती, अर्जाची छापील प्रत, ओटीआर क्रमांक आणि दाखल्यांच्या दोन-दोन झेरॉक्स ठेवा. मूळ कागद कुणाकडेही सोडू नका, दाखवून परत घ्या. आणि कॉलेजच्या शिष्यवृत्ती खिडकीवरच्या लिपिकाशी पहिल्याच वर्षी नीट बोलून ठेवा. तारीख वाढली की नाही, हे पोर्टलच्या आधी त्याला कळतं.